'विद्यार्थी अनुभव सुधारणे': हे मराठी आहे का?

भाषांतरकार, परळ
एका विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या आराखड्याचं मराठी करून देते आहे. इंग्रजी मसुद्यात 'स्टुडन्ट एक्स्पीरियन्स' पानोपानी येतो. आधीच्या भाषांतरात त्याचं 'विद्यार्थी अनुभव सुधारण्यासाठी धोरणात्मक नियोजन' असं केलंय. शब्द सगळे ओळखीचे, तरी वाक्य कानाला खटकतं. हा मजकूर नोटीस बोर्डावर लागणार आहे, मुलं वाचणार आहेत. 'अनुभव'ला दुसरा शब्द आहे का? आणि 'स्ट्रॅटेजिक'ला धोरणात्मक म्हणू की व्यूहात्मक?

मराठीची निवृत्त प्राध्यापिका, विलेपार्ले
खटकतंय ते क्रियापद. मराठीत अनुभव येतो, आपण तो घेतो, तो गाठीशी असतो, कामी येतो. पण दुसऱ्या कुणी तो सुधारून देत नाही. 'त्या बँकेचा वाईट अनुभव आला' असं म्हणतो तेव्हा सुधारायला हवी असते बँक! तेव्हा 'अनुभव' ठेवा, पण कशाचा ते लिहा: शिकवण्याचा, वसतिगृहाचा, ग्रंथालयाचा, निकालाचा. इंग्रजी शब्दाने हे सगळं एकाच पोत्यात भरलंय, मराठीत ते पोतं सोडावं लागेल. नॅक ही संस्था कॉलेजांचं मूल्यांकन करते, तिच्या 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षणा'तला 'समाधान' मला त्यापेक्षा बरा वाटतो. त्यात मनाची तृप्ती आहे आणि 'शंकासमाधाना'तलं उत्तर मिळणंही आहे.

'धोरण' आता 'पॉलिसी'साठी पक्कं झालंय, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 समोरच आहे. म्हणून 'धोरणात्मक' वाचून मुलांना सरकारी निर्णय आठवेल. 'धोरणी माणूस' यात मात्र पुढचं पाहून पाऊल टाकण्याचा अर्थ अजून जिवंत आहे, तुम्हाला हवाय तो हाच. 'व्यूह' म्हणजे सैन्याची मांडणी. इंग्रजी शब्दही ग्रीक सेनापतीवरूनच आला, पण त्यातली लढाई विरून गेली. आपल्याला व्यूह म्हटलं की आजही अभिमन्यू दिसतो. विद्यार्थ्यांच्या संदर्भात तो शब्द मला सोसत नाही. विशेषण गाळा, 'पुढील पाच वर्षांचं नियोजन' लिहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे विद्यापीठं पाच वर्षांचा आराखडा करतात, त्याला 'बृहत् आराखडा' म्हणायची सवयही झालेली आहे.

कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं, दादर
मॅडम, माझ्याकडे एक शब्द आहे: खेप. कसाऱ्याहून येणारी एक मुलगी रेल्वे पासच्या सवलतीसाठी बोनाफाइड, म्हणजे इथे शिकत असल्याचा दाखला, मागायला आली. पहिल्या दिवशी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी. दुसऱ्या दिवशी सही होती, शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या साहेबांकडे. तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. एका बाजूचे दोन तास धरले तर बारा तास लोकलमध्ये गेले, एका शिक्क्यासाठी. मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, ते मला आजही टोचतं. आराखड्यात 'कोणत्या कामाला किती खेपा' हे लिहा. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळेल.

ठाणे
लिहिताना जपा. मंत्रिमंडळ तसं विद्यार्थिमंडळ, समासात 'र्थि' ऱ्हस्व. 'विद्यार्थी अनुभव' तोडून लिहिलं तरी जोड इंग्रजी वळणाचीच राहते. सरळ 'विद्यार्थ्यांना येणारा अनुभव' म्हणावं.

टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, घाटकोपर
आमचे शब्दही घ्या ना. 'केटी लागली', 'रिझल्ट अडकला', 'लेक्चर बंक'. केटी म्हणजे एटीकेटी, खरं तर काही विषय राहिले तरी पुढच्या सत्राला बसायची परवानगी. पण आम्ही ती 'मिळाली' म्हणत नाही, 'लागली' म्हणतो, ठेच लागते तशी. सवलत दिली तरी मुलाला ती ठेचच वाटते, हे आराखडा करणाऱ्यांनी ऐकायला हवं. आणि 'अडकला' म्हणजे कुठे अडकला, हे कुणीच सांगत नाही. ते कळलं तरी अर्धी काळजी जाईल.

मराठीची निवृत्त प्राध्यापिका, विलेपार्ले
'लागली' अगदी नेमकं पकडलंस. लागणे हे क्रियापद नको असलेल्या गोष्टींना किती सहज जोडलं जातं: ठेच, नजर, उचकी, आग. अनुभव त्या क्रियापदातच आहे.

भाषांतरकार, परळ
सगळ्यांचे मनापासून आभार. असं केलंय: 'पुढील पाच वर्षांत विद्यार्थ्यांचं कार्यालयातलं प्रत्येक काम एका खेपेत व्हावं, निकाल राखून ठेवला असल्यास त्याचं कारण त्यांना कळावं आणि शिकवण्याबद्दल त्यांचं म्हणणं दर सत्रात ऐकून घेतलं जावं, यासाठीचं नियोजन.' मूळ इंग्रजीपेक्षा लांब झालं, पण समितीपुढे हेच ठेवणार आहे. दादरच्या दादांना एक विचारायचंय, 'प्रत्येक काम' लिहिलं तर निभेल का?

कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं, दादर
बोनाफाइड, ओळखपत्र, फीची पावती एका खेपेत नक्की होईल. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या एकत्र दाखल्याला, जुनी रजिस्टरं काढावी लागतात, तिथे दोन लिहा. आणि दुसऱ्या खेपेची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायची, हेही घाला.