भिंतीवरचा सराउंड स्पीकर पडला, दुरुस्त करू की बदलू?

कोथरूडचा_निशाचर

मंडळी, जरा मदत हवीये. हॉलमधला होम थिएटर सेट २०१२ च्या दिवाळीत घेतलेला, फाईव्ह पॉइंट वन, म्हणजे चार छोटे स्पीकर, मधला एक आणि वूफर. डबा आता डीव्हीडी वाचत नाही पण टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडलाय आणि आवाज अजून एकदम कडक. म्हणजे होता.

परवा रात्री साडेअकराला धाडकन आवाज झाला, मी आणि बायको दोघं उठून हॉलमध्ये, बघतो तर सोफ्याच्या मागच्या भिंतीवरचा डावा स्पीकर खाली. आधी सोफ्याच्या लाकडी हातावर आपटला असणार आणि मग फरशीवर. भिंतीत ना स्क्रू ना गिट्टी, नुसतं करंगळी सहज जाईल एवढं भोक आणि खाली फरशीवर पांढरा भुगा, गिरणीत पडलेला असतो तसा. वरच्या मजल्यावर महिनाभर बाथरूम फोडणं चालूये त्याचा परिणाम असावा असं मला वाटतं, बायको म्हणते तू वूफर वाढवतोस त्याचा.

सध्याची अवस्था: प्लास्टिकच्या बॉडीचा एक कोपरा तडकलाय, जाळी निघाली, आणि मधली ती काळी टोपी असते ना, ती आत गेलीये (आई म्हणते ती आधीच आत होती, भाच्याच्या बोटाचा पराक्रम). आवाज येतो. बातम्या ठीक वाटतात पण गाणं लावलं की खर्र खर्र, आणि आवाज २० च्या वर नेला की जास्तच.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे मॉडेल बंद झालं, स्पेअर मिळणार नाही, सगळा सेट एक्स्चेंजमध्ये देऊन साउंडबार घ्या. अहो एका खुर्चीचा पाय मोडला म्हणून कोणी अख्खं डायनिंग टेबल बदलतं का?

तर प्रश्न असे की हा दुरुस्त होतो का, नसेल तर दुसऱ्या कंपनीचा एकच स्पीकर लावला तर चालतं का, आणि मागे स्टिकरवर ३ ओहम लिहिलंय त्याचं काय करायचं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मिसळ_विथ_तर्री

साउंडबार घ्या आणि भिंतीवर लावा, म्हणजे पुढच्या वेळी एकदमच सगळं पडेल, वेगवेगळं उचलायला नको :ड

(हलके घ्या. धागा वाचतोय, आमच्याकडे पण सेम भुगा पडायला लागलाय.)

---

सोल्डरबाबा

निशाचर, टाकू नका, आधी काय मोडलंय ते बघू. स्पीकर म्हणजे फार काही नसतं हो आत. मागे चुंबक, त्याच्या फटीत तांब्याची बारीक कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदाचा कोन, आणि कोन कडेला रबराने किंवा फोमने फ्रेमला धरलेला. पडल्यावर यातलं एक काहीतरी बिघडतं.

पहिलं, उजवीकडचा चांगला स्पीकर काढून डावीकडच्या वायरला जोडा. तो नीट वाजला तर वायर आणि डबा निर्दोष. डबा बंद करून जोडा हं, आणि वायरीचा एकही केस शेजारच्या टोकाला लागू देऊ नका. एका ओळखीच्यांकडे तेवढ्या एका केसापायी डबा सुरू केला की स्क्रीनवर प्रोटेक्ट येऊन बंद पडायचा, आणि ते बिचारे आठवडाभर अँप्लिफायर गेला म्हणून शोक करत बसलेले.

दुसरं, मल्टीमीटर. दीड-दोनशे रुपयांचा पिवळा पण चालेल. ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि जो आकडा येईल तो नंतर वजा करा, एवढ्या कमी ओहमला पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स पण फरक पाडतो. मग स्पीकर मोजा. लेबलपेक्षा थोडा कमीच आकडा येतो, घाबरू नका, आठचा स्पीकर साधारण साडेसहाच्या आसपास दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली.

मीटर नसेल तर घड्याळाचा पेन्सिल सेल घ्या आणि दोन वायरींनी नुसता टेकवून लगेच काढा. टुक असा आवाज यायला हवा आणि प्लसला प्लस लावला असेल तर कोन बाहेर यायला हवा. धरून ठेवू नका, टेकवायचं आणि सोडायचं.

आणि खरी परीक्षा शेवटची. पुढची पट्टी काढून स्पीकर उघडा, दोन्ही हातांची बोटं कोनावर गोलाकार ठेवून एकदम हलक्या हाताने, सगळीकडून सारखं, आत दाबा. गुळगुळीत गेला तर खर्र खर्र बॉडीच्या तड्यातून येतंय, ॲरल्डाइटने काम होईल. खरवडल्यासारखं लागलं तर कॉइल चुंबकाला घासतेय. मग सांगा, पुढचं बोलू.

आत गेलेल्या टोपीचं टेन्शन नको. ती धुळीसाठी असते, आवाजात नावाला फरक. सेलोटेप हलकेच चिकटवून ओढून बघा, नाही आली तर भाच्याची आठवण म्हणून राहू दे.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

मी उलटा सल्ला देतो. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ दुसरा स्पीकर लावा, मागचेच तर आहेत. पुढचे तीन एका कुळातले असावेत हे खरं, कारण पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर आवाजाने मध्येच रंग बदलू नये. पण मागून काय येतं, पाऊस, टाळ्या, पाखरं. तिथे थोडा वेगळा आवाज असला तरी दोन दिवसांत कान विसरतो.

ओहमचं सोपं आहे. लिहिलंय त्याच्यापेक्षा कमी लावायचा नाही, जास्त लावला तर चालतो. ३ च्या जागी ६ लावलात तर डब्यावर लोड उलट कमी पडतो, फक्त तो स्पीकर हळू वाजेल, साधारण ३ डेसिबलने. सेटिंगमध्ये स्पीकर लेव्हल असते तिथे तेवढा वाढवून घ्या, झालं. पण पुढे कधी मोठा ६ किंवा ८ ओहमवाला रिसीव्हर घेतलात तर त्याला तुमचे हे ३ ओहमवाले बारके जोडू नका, ते उलटं महागात पडेल.

एकच अडचण, या सेटांच्या मागे बऱ्याचदा कंपनीची स्वतःची रंगीत पिन असते. ती पिन कापायची, दोन इंच शेपूट ठेवून, आणि पुढे साधी वायर जोडायची. कापण्याआधी प्लसच्या वायरीवर पट्टी किंवा रेघ आहे का बघून ठेवा, मी बघितलं नव्हतं.

---

कोथरूडचा_निशाचर

सगळ्यांचे आभार. सोल्डरबाबा, शेजारच्या काकांकडून मीटर आणला. पिना टेकवल्या तर ०.४, पडलेला स्पीकर ३.२, चांगला ३.३. म्हणजे कॉइल शाबूत ना?

उघडून दाबून पण बघितलं. डाव्या बाजूने दाबलं की खर्र, उजव्या बाजूने नाही. आणि एक गोष्ट दिसली, फोटो टाकायचा प्रयत्न केला चढत नाहीये म्हणून शब्दांत सांगतो. मागचं चुंबक फ्रेमच्या बरोबर मध्ये नाहीये, एका बाजूला सरकल्यासारखं, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या गोंदाची पिवळी चंद्रकोर दिसतेय.

---

सोल्डरबाबा

सापडला चोर. ती चंद्रकोरच सगळं सांगतेय. चुंबक फ्रेमला नुसतं गोंदाने चिकटवलेलं असतं, सगळ्या स्पीकरमध्ये जड तेच, आणि पडताना ते सरकलं की आतली फट एका बाजूला बंद होते. कॉइल तुटलेली नाही पण घासतेय, असंच वाजवत राहिलात तर तिच्या तारेवरचं लॅकर (इन्सुलेशनचा थर) जाऊन एक दिवस शॉर्ट होईल आणि मग डब्यावर येईल. तेव्हा तो तूर्तास जोडू नका.

चुंबक परत मध्ये आणता येतं का, तर येतं. टोपी कापून कॉइलच्या भोवती पातळ फिल्मच्या पट्ट्या घालून सेंटर करतात आणि मग चिकटवतात. मी मोठ्या पार्टी स्पीकरला केलंय. तीन इंचीसाठी करू नका, तुमची एक रविवार दुपार आणि माझा सल्ला दोन्ही वाया जातील. रिकोनिंगवाला (स्पीकरचा कोन बदलून देणारा) पण एवढ्याशासाठी हात लावणार नाही, लावला तरी नव्याएवढेच पैसे घेईल.

बॉडी तीच ठेवा, आतला ड्रायव्हर (म्हणजे चुंबक, कॉइल आणि कोन असलेला अख्खा भाग) बदला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे सुटे मिळतात (मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड). मोडका बरोबर घेऊन जा, तोंडी "तीन इंची द्या" म्हणालात तर फसाल कारण दुकानदार फ्रेम बाहेरून मोजतो आणि आपण कोन मोजतो. समोरासमोरच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर जुळलं पाहिजे आणि मागची खोली, नाहीतर चुंबक मागच्या भिंतीला टेकतं. ओहम तिथेच मोजून घ्या. घ्यायचे तर दोन घ्या, डावा उजवा सारखे होतील आणि चांगला जुना काढून खोक्यात ठेवा, पुढचा कधी गेला तर उपयोगी पडेल.

डाग (सोल्डर) देताना पटकन द्या. टर्मिनलवर सोल्डरिंग आयर्न धरून बसलात तर कॉइलकडे जाणाऱ्या तारेच्या वेणीचा टाका सुटतो.

---

गिलावा_आणि_मी

सगळे स्पीकरबद्दल बोलताय, भिंतीबद्दल कोणी बोलेना म्हणून लॉगिन केलं. मी बांधकामाच्या साइटवरचा माणूस, नाशिक.

पांढरा भुगा म्हणजे सायपोरेक्स, हलक्या काँक्रीटचे ब्लॉक. हल्लीच्या बिल्डिंगांना हेच ब्लॉक. हलका असतो, उष्णता अडवतो, बिल्डरला परवडतो, पण आतून पोकळ बुडबुड्यांचा. साध्या गिट्टीचं काम कसं चालतं, स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि विटेला घट्ट दाबून बसते. इथे दाबायला समोर काही कडक नसतंच, फुगलेली गिट्टी भोवतालचा ब्लॉकच चिरडते. त्या दिवशी घट्ट वाटतं, आणि मग रोजच्या थरथरीने भोक मोठं होत जातं. वूफर की बाथरूम या भांडणात मी पडत नाही पण दोन्हीने वेळ तेवढी जवळ आणली असेल, पडायचा तो होताच.

त्यात लावणारा हॅमर मोडवर ड्रिल करतो. सायपोरेक्सला हॅमर लागतच नाही, नुसतं फिरवून भोक पाडायचं, आणि बिट एक नंबर लहान. त्यासाठी वेगळे लांब नायलॉनचे प्लग येतात, आडव्या आट्यांचे, दुकानात "सायपोरेक्सचा प्लग" म्हणून मागा. जुन्या भोकात काडेपेटीच्या काड्या आणि एम-सील भरून परत तिथेच स्क्रू मारू नका प्लीज, हे मी शंभर वेळा बघितलंय आणि शंभर वेळा खाली आलेलं बघितलंय.

माझं मत विचाराल तर स्पीकर अर्धा फूट सरकवून कॉलमवर घ्या. आरसीसीवर हॅमर चालवा, ६ मिमीचं भोक, साधी गिट्टी, नातवापर्यंत टिकेल. कॉलम कुठाय हे ठोकून कळतं, ब्लॉक बद्द वाजतो आणि कॉलम वाजतच नाही, बोट दुखतं. कॉलम जवळ नसेल तर फूटभर प्लायची पट्टी चार स्क्रूंनी भिंतीला मारा आणि स्पीकर त्या पट्टीला. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल घालू नका, कन्सील वायरिंगचा पाइप तिथूनच जातो.

---

मिसळ_विथ_तर्री

आत्ताच उठून भिंत ठोकून आलो. आमचा टीव्ही "बद्द" वर आहे. ४३ इंची.

---

गिलावा_आणि_मी

@मिसळ, आजच उतरवून टेबलावर ठेवा, थट्टा करत नाहीये.

---

कोथरूडचा_निशाचर

अपडेट देतो, धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा मला स्वतःलाच राग येतो.

शनिवारी बुधवार पेठेत गेलो. तिसऱ्या दुकानात भोकं जुळणारे मिळाले, ४ ओहमचे, दोन घेतले, साडेपाचशेला जोडी. ३ चे नव्हते पण डोंबिवलीकरांच्या नियमाने जास्त चालतो म्हणून घेतले. मागची खोली मोजायची विसरलो होतो, घरी येऊन घातले तर अक्षरशः कागद जाईल एवढी जागा उरली, पण बसले. तडकलेल्या कोपऱ्याला ॲरल्डाइट लावून रात्रभर कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ठेवले. डाग देताना एका स्पीकरच्या प्लास्टिकला चटका बसला, तो भिंतीकडे जातो म्हणून कोणाला दिसत नाही.

आवाज मस्त. जुन्यापेक्षा किंचित खणखणीत आहे, पुढच्यांशी तुलना केली तर कळतं पण मागून कळत नाही. मागची लेव्हल एका घराने वाढवली.

भिंतीचं मात्र अर्धंच झालंय. उजवा कॉलमवर आला, बोट दुखलं. डाव्या बाजूला कॉलम पार खिडकीपाशी आहे, तिथे लावला तर सोफ्याच्या पुढे येतो, म्हणून तिकडे प्लायची पट्टी मारली आणि स्पीकरच्या मागून एक बारीक तार घेऊन पट्टीच्या स्क्रूला बांधून ठेवली, निसटलाच तर लोंबकळेल, सोफ्यावर येणार नाही. ती पट्टी रंगवायची राहिलीये आणि आई रोज विचारते की पाहुणे आले तर हे फळकूट काय म्हणून सांगायचं.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

पट्टी भिंतीच्याच रंगाने रंगवा, दिसत नाही. आणि लावताना स्क्रूचं डोकं किती बाहेर ठेवलंत? मागच्या खाचेत बसून स्पीकर खाली ओढल्यावर खट्ट लागला पाहिजे, डुगडुगला तर एक आटा आत घ्या.

---

कोथरूडचा_निशाचर

डुगडुगतोय. घेतो आत.