पाऊस पडला की रनवेचे सात दिवे मंद, पॅनलवर मात्र ६.६ अँपिअर

वायरमन_९१

नमस्कार मंडळी. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन. आठ वर्षं घरगुती आणि कारखान्यातली कामं केली, मार्चपासून समुद्राजवळच्या एका छोट्या विमानतळावर ठेकेदाराकडे लागलोय. नाव लिहीत नाही, नोकरी नवी आहे.

रनवेच्या कडेचे दिवे दोन सर्किटवर आहेत, एक सोडून एक. प्रत्येकाला वेगळा ४ केव्हीएचा सीसीआर (कॉन्स्टंट करंट रेग्युलेटर, सर्किटमधला करंट कायम ठेवणारं यंत्र). पाऊस लागल्यापासून दुसऱ्या सर्किटचे सलग सात दिवे मंद दिसतात. मधले पहिल्या सर्किटचे दिवे लख्ख, म्हणून तर डोळ्यात भरतं. टॉवरवरून रोज फोन येतो. सीसीआरच्या पॅनलवर पाचव्या स्टेपला (उजेडाची सगळ्यात वरची पायरी) बरोबर ६.६ अँपिअर. दोन दिवस ऊन पडलं की सगळं ठीक. सातही बल्ब बदलून झाले, फरक शून्य.

आमचे सुपरवायझर म्हणतात सीसीआरचं कंट्रोल कार्ड गेलंय. माझा क्लॅम्प मीटर तिसऱ्या स्टेपला ३.३ दाखवतो, पॅनल ४.१ म्हणतो, त्यामुळे मलाही तसंच वाटायला लागलंय. आणि एक बावळट प्रश्न: सगळे दिवे सिरीजमध्ये आहेत, तर एक बल्ब उडाल्यावर गणपतीच्या माळेसारखे सगळे का जात नाहीत?

मेगरकाका

प्रश्न बावळट नाही, आधी त्याचंच उत्तर देतो. प्रत्येक दिव्याखाली पिटमध्ये (जमिनीतल्या खड्ड्यात) एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसलाय. लूपमध्ये, म्हणजे सीसीआरमधून निघून परत येणाऱ्या केबलमध्ये, सिरीजला आहे ती त्याची प्रायमरी, बल्ब सेकंडरीवर. बल्ब उडाला तरी प्रायमरीतून करंट वाहत राहतो, कोअर सॅच्युरेट होतो, बाकीच्या दिव्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून उडालेले बल्ब महिनोन् महिने तसेच ठेवायचे नाहीत हं, पाच-सहा जमले की सीसीआरची वेव्ह बिघडते.

आता मूळ दुखणं. कार्डाला हात लावू नकोस. कार्ड गेलं असतं तर सगळी लूप मंद झाली असती, सातच दिवे कसे होतील? तुझ्या लूपला दोन ठिकाणी अर्थ फॉल्ट आहे, म्हणजे केबलच्या इन्शुलेशनला भोकं पडलीत. सीसीआरचं आउटपुट जमिनीपासून सुटं असतं, त्यामुळे एका ठिकाणी केबल ओली झाली तर काहीच दिसत नाही, करंटला परतायला वाटच नसते. दुसरी जागा ओली झाली की वाट मिळते. एका भोकातून थोडा करंट मातीत उतरतो, सात दिव्यांना वळसा घालून दुसऱ्या भोकातून वर येतो. सीसीआरला ६.६ गेले आणि ६.६ आले एवढंच कळतं. पॅनल खरं बोलतोय.

आणि हॅलोजनची गंमत अशी की पाचवरून चौथ्या स्टेपला करंट ६.६ चा ५.२ होतो, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा कमी, पण उजेड पंचवीस-तीस टक्क्यांवर येतो. दीडेक अँपिअर मातीतून गेला तरी दिवा आजारी दिसणारच. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

शोधायचं कसं? पाऊस चालू असताना टॉवरची परवानगी घेऊन जीपने कडेकडेने जा. दुसऱ्या सर्किटचा शेवटचा लख्ख दिवा आणि पहिला मंद दिवा, या दोघांच्या मध्ये एक भोक. दुसऱ्या टोकाला तसंच दुसरं. खुणा करून परत ये. मग सीसीआर बंद, कटआउट (लूप सीसीआरपासून तोडणारा प्लग) काढून खिशात, पॅनलला कुलूप, आणि तेव्हाच पिटमध्ये हात. चालू लूपचा कनेक्टर ओढलास तर करंट टिकवायला सीसीआर व्होल्टेज वर ढकलतो. ४ केव्हीएचा म्हणजे सहाशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त, तेही तुझ्या दोन हातांच्या मध्ये. ओपन सर्किटला ट्रिप होईल म्हणून भरवशावर राहू नकोस.

एक मात्र लिहून ठेव. पहिलं भोक बुजवलंस की सगळे दिवे झकास लागतील, लोक पाठ थोपटतील. दुसरं तिथेच असेल, मुकाट. म्हणून दिवे बघून घरी जायचं नाही. लूप सीसीआरपासून सोडव, १००० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा मीटर) लाव, आकडा वहीत लिही.

सातारकर_आखातात

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त क्लॅम्पचं बोलतो. सीसीआर थायरिस्टरचा असेल तर साइन वेव्ह कापलेली येते. साधा मीटर सरासरी मोजून गुणाकार करतो, म्हणून खालच्या स्टेपला कमी दाखवतो. ट्रू आरएमएस लिहिलेला (कापलेल्या वेव्हचाही खरा करंट मोजणारा) घ्या. मीही पहिल्या वर्षी याच कारणाने एक चांगला सीसीआर उघडून बसलो होतो. सांगू नका कुणाला.

वायरमन_९१

काका, अकरा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

मंगळवारी रात्री धो-धो पावसात गेलो. पहिली खूण सोपी निघाली. पिटमध्ये गुडघाभर पाणी, दोन बेडूक, आणि प्रायमरी कनेक्टरवर कुणीतरी जोडणीच्या किटऐवजी घरगुती काळी टेप गुंडाळलेली. सोडवली तर आत हिरवं पडलेलं. नवा कनेक्टर केला, पिट उपसला. दिवे लावले, सगळे सारखे! सुपरवायझर म्हणाले, झालं, रिपोर्ट करून टाक.

मी म्हटलं मेगर करतो. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे गळती अजून आहेच. ते म्हणाले, दिवे लागतायत ना? तुमचा मेसेज दाखवला. वाचून काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दोन माणसं दिली.

दुसऱ्या खुणेला पिट कोरडे ठाक. मधली केबल दोन्ही टोकांनी सोडवून मेगर केली तेव्हा तीच निघाली. खणलं तर घुशीचं बीळ, आणि केबलचं इन्शुलेशन वीतभर कुरतडलेलं. तेवढा तुकडा बदलला. आता भर पावसात ३४ मेगओहम येतंय.

पहिल्या सर्किटचे दिवे सगळे लख्ख आहेत, पण म्हटलं बघू तरी. मेगर ०.८ दाखवतोय. एकच भोक असेल तर ते दिव्यांवरून कसं शोधायचं?

मेगरकाका

दिव्यांवरून नाही. कटआउट काढ, लूप मधोमध सोडव, दोन्ही अर्ध्या मेगर कर. जी खराब ती पुन्हा अर्धी. पाच-सहा पिटात सापडेल. आणि उरलेल्या पिटात ती काळी टेप आहे का, ते आधी बघ.