मदत हवी आहे: ३१ वर्षं खाकी घातली, आता रोजचे कपडे कसे निवडायचे?

फोंडाघाट:
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. वय ५९. एसटीत ड्रायव्हर होतो, १९९४ ला लागलो आणि गेल्या वर्षी रिटायर झालो. गाव कणकवलीपासून आत आहे, नोकरीची बहुतेक वर्षं फोंडा घाटातून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीवर गेली.

इतकी वर्षं सकाळी उठून काय घालायचं हा प्रश्नच कधी आला नाही. खाकी शर्ट, खाकी पँट, संपलं. रात्री घरी आलो की लुंगी. आता सकाळी कपाट उघडतो आणि नुसता बघत उभा राहतो. वरच्या कप्प्यात युनिफॉर्मचे तीन जोड घडी घालून ठेवलेत, टाकवत नाहीत. खाली मुलाचे जुने टीशर्ट, दोन रेडिमेड शर्ट, आणि ट्रंकेत आहेरात आलेले शर्टपीस, मोजले तर ९ निघाले, एकही शिवलेला नाही कारण घालणार कधी होतो.

मेमध्ये भाचीचं लग्न झालं, त्याचा फोटो व्हॉट्सॅपवर आला. त्यात मी कडेला उभा आहे. पोटाला सैल पडावा म्हणून मी ४४ नंबरचा शर्ट घेतला होता, तर खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कॉलर मानेपासून सुटलेली, बाही कोपराच्याही खाली. खाकीत मी ताठ असायचो हो, डेपोतले सगळे सांगतील. फोटोतला माणूस पाच वर्षं आजारी असल्यासारखा दिसतो. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही.

मग मी ठरवलं की नीट राहायचं. एक दिवस शर्टाला इस्त्री केली, बूट पुसले आणि बाजारात गेलो, तर चहाच्या हॉटेलात एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, लग्नाक चाललास काय?" दुसरा म्हणाला, "आता ह्या वयात कित्याक होया?" त्यांच्या मनात वाईट नसेल, पण मला ते लागलं. दोन दिवस परत लुंगीवरच होतो. बायको म्हणाली, "तुमका आवडता ना, मग घाला."

विचारायचं ते असं की आपल्या दमट हवेत कुठलं कापड चांगलं, रेडिमेड घ्यावं की शिवून, पोट असलेल्या माणसाला नीट बसेल असं काय, आणि रंग. अजून एक गोष्ट सांगतो, खिडकीकडचा उजवा हात बाहीखाली पार काळवंडलाय, डावा तसा नाही, हाफ शर्टात दोन माणसांचे हात लावल्यासारखे दिसतात, त्याला काय करता येईल? पेन्शन फार नाही, पाच हजारांत बसवायचंय. गावच्या शाळेने १५ ऑगस्टला झेंडावंदनाला पाहुणा म्हणून बोलावलंय. त्यातल्या बऱ्याच पोरांचे आईबाप माझ्या गाडीने कॉलेजला गेलेत. तिथे मला फोटोतल्यासारखं जायचं नाही.

शिलाईमशीन:
काका, माझे बाबा कुडाळला चाळीस वर्षं टेलर होते, मी त्यांच्या हाताखाली काज-बटणापासून शिकले, म्हणून जरा लांबट लिहिते.

रेडिमेड शर्ट पोटावरून निवडायचा नसतो, खांद्यावरून निवडायचा. खांद्याचं हाड जिथे संपतं तिथे शिवण आली पाहिजे, ती एकदा खाली उतरली की पुढे काहीही करा शर्ट दुसऱ्याचाच दिसतो. पोट असलेल्यांची अडचण हीच की खांद्याला बसतो तो पोटावर ओढतो आणि पोटाला बसतो तो खांद्यावरून लोंबतो, त्यामुळे तुम्ही शिवूनच घ्या. माप देताना श्वास रोखून पोट आत घेऊ नका, सगळे पुरुष घेतात आणि मग ट्रायलला बटणं ताणतात. छातीला मापापेक्षा साधारण चार इंच सैल पुरे. टेलरला आठवणीने सांगा की पुढची उंची मागच्यापेक्षा इंचभर जास्त ठेव, नाहीतर पोटावर शर्ट पुढून वर उचलला जातो. आणि आत माया, म्हणजे शिवणीत थोडं जादा कापड, सोडायला सांगा, रिटायर झाल्यावर वजन इकडेतिकडे होतंच.

आता ते ९ शर्टपीस. नवीन कापड आणायच्या आधी ते तपासा. प्रत्येकाच्या कडेचा एकेक धागा काढा, चिमट्यात धरा आणि दिव्यावर जाळा. कागदासारखा जळला, कागदासारखाच वास आला आणि राख बोटात चुरली तर सुती. वितळून आक्रसला आणि टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. थोडं थोडं दोन्ही झालं तर मिक्स, म्हणजे आपलं टेरिकॉट. मोरीपाशी बसून करा, पाणी जवळ ठेवा. आपल्याकडे फरक याच्यामुळे पडतो: सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल हवेतून धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून मे महिन्यात पॉलिएस्टर घातलं की घाम अंगावरच राहतो. लिनन सुतापेक्षाही थंड, पण चुरगळतं आणि महाग पडतं, पहिल्या फेरीत नको.

सुती पीस शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या. आधी आटलेलं बरं, शिवल्यावर आटलं की शर्ट गेला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा, ५८ इंच पन्ह्याला शर्टाला १.६० मीटर लागतं, ३६ इंचाला सव्वादोन. तुमच्या अंगाला थोडं जास्त लागेल, फुल बाही हवी असेल तर टेलरला आधी पीस दाखवून विचारा.

साधीराहणी:
मला यातलं काही पटत नाही. माझे वडील ऐंशी वर्षं पंचावर राहिले, कोणी त्यांना कमी लेखलं नाही. पेन्शनचे पैसे औषधाला ठेवा. माणूस कपड्यावरून ओळखला जात नाही.

आचऱ्याचा:
माझं वय ७३, म्हणून हक्काने बोलतो. माझे वडील पण पंचावरच असायचे, पण घरात आणि बागेत. आचऱ्याच्या बाजारात जायचं तर धुतलेलं धोतर, सदरा आणि काळी टोपी, टोपी नसेल तर ते उंबरठा ओलांडत नसत. धोतरं दोनच होती. एक अंगावर, एक दोरीवर. ते गरीब होते आणि टापटीप होते, दोन्ही एकदम असता येतं. तेव्हा ह्यात पैशाचा प्रश्न आणू नका, ह्या गृहस्थांनी बजेट आधीच सांगितलंय.

फोंडाघाट, तुम्हाला पावसाळ्याचं सांगतो कारण चांगले कपडे आपल्याकडे घालून खराब होत नाहीत, ठेवून होतात. जून ते सप्टेंबर कपाटात कोंदट वास आणि बुरशीचे काळे ठिपके. कपडा हाताला कोरडा लागला तरी शिवणीत आणि कॉलरीत ओल असते, म्हणून घडी घालण्याआधी गरम इस्त्री फिरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपडे कोंबू नका. उघडीप मिळाली की दारं उघडून ठेवा. खळ केलेले कपडे पावसाळ्यात साठवायचे नाहीत, पेजेच्या खळीला बुरशीही धरते आणि कसरही लागते. खळ घालायची तर घालायच्या आदल्या दिवशी. चामड्याचा पट्टा गुंडाळून ठेवू नका, टांगा. कोल्हापूरच्या गाडीवर होतात म्हणजे कोल्हापुरी चपला असणारच, त्या दसऱ्यापर्यंत बाहेर काढू नका, पाण्याने तळ फुगतो आणि शिवण सुटते.

आणि पांढरा सदरा घालून काजूच्या बागेत कधी जाऊ नये. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा डाग त्या दिवशी दिसत पण नाही, धुतल्यावर तपकिरी होऊन वर येतो आणि मग तो कपड्याबरोबरच जातो. मी मुंजीचा सदरा असा घालवलाय.

निळासदरा:
दादा, मी रत्नागिरीचा, वय ३६, कपड्यांची आवड लहानपणापासून आहे. तुम्ही खाकी टाकवत नाही म्हणालात ना, टाकू नकाच. म्हणजे युनिफॉर्म घालून फिरा असं नाही, तो वेगळा, तो जपून ठेवा. पण खाकी रंग तुम्हाला शोभतो हे ३१ वर्षांत सिद्ध झालंय. हा शब्द फारसी 'खाक' वरून आलाय, खाक म्हणजे धूळ, मातीचाच रंग, आणि मातीवर काहीही खुलतं. आज दुकानात सगळे चिनोज म्हणून ज्या पँट घेतात त्यातला नेहमीचा रंग तुमचाच आहे. एक सुती खाकी पँट शिवून घ्या, युनिफॉर्मपेक्षा थोडी फिकट, बॉटम, म्हणजे पायाशी घेर, १५-१६ इंच, आणि वर शर्टाचा रंग बदलत राहा: पांढरा, आकाशी, गडद निळा. सगळे जुळतात. रोज सकाळी कपाटासमोर उभं राहायचं कामच उरत नाही, तुम्हाला जी सवय आहे तीच अर्धी ठेवायची.

हाताचं म्हणाल तर फुल बाही शिवा आणि कोपराखाली दोन घड्या घाला, घडी साधारण तीन बोटांची. काळेपणा जिथे सुरू होतो ती रेघ बाहीत जाते, खाली दोन्ही हातांत फरक राहील पण डोळ्यांना ती रेघच खटकत असते. झेंडावंदनाला बाही पूर्ण खाली सोडून बटण लावा. आणि खरं सांगू का, तो हात लपवायची मला गरज वाटत नाही. घाटात गाडी चालवणाऱ्याचा हात आहे तो.

हॉटेलात बोलणाऱ्यांचं असं आहे की आठ दिवस बोलतील. तुम्ही एकच दिवस नीट जाऊन दोन दिवस घरी बसलात म्हणून तो विषय झाला. सलग जा.

फोंडाघाट:
मंडळी, इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू. साधीराहणी, तुमचाही राग नाही, औषधाचे पैसे बाजूला काढूनच करतोय.

काल संध्याकाळी पाऊस धो धो, लाईट गेलेली, तेव्हा ताईंनी सांगितलेला प्रयोग केला. बायकोने समई पुढे घेतली, मी चिमट्यात धागे धरले. पहिले चार लगेच आक्रसले, टोकाला काळा मणी. दोन धड जळेनात धड वितळेनात, ते टेरिकॉट असणार. आहेरात आलेला सगळ्यात चकचकीत सोनेरी पुडक्यातला पीस तर त्या चारांपेक्षाही पटकन वितळला. ९ पैकी दोनच सुती निघाले. एक पांढरा, त्याला घडीवर पिवळी रेघ पडलीय. दुसरा आकाशी, बारीक चौकडीचा, तो जळताना पानं पेटवल्यासारखा वास आला आणि राख बोटावर नुसती पावडर झाली. तो कोणी दिला मला आठवेना. बायको म्हणाली, "ह्यो माझ्या बाबांनी दिलेलो, आपल्या दुसऱ्या दिवाळेक." सासरे जाऊन १८ वर्षं झाली. तो पीस त्या दिवाळीपासून ट्रंकेत होता आणि मी कधी उघडून बघितला नाही.

पन्हा ३६ इंच आहे, मोजला, सव्वादोन मीटर भरला. रात्रभर भिजवला, आज सकाळी पडवीत वाळत घातलाय, पाणी थोडं निळं झालं पण रंग गेला नाही. दुपारी कणकवलीला टेलरकडे विचारून आलो. तो म्हणाला फुल बाही कशीबशी बसेल, खिसा काढायला कापड उरणार नाही. मी म्हटलं खिसा नको. ३१ वर्षं खिशात पेन, लायसन, पावत्या भरून तो लोंबायचा, आता ठेवायला काय आहे. गणपतीची गर्दी सुरू झालीय म्हणून घ्यायलाच तयार नव्हता, १५ ऑगस्टचं सांगितल्यावर १२ ला ट्रायल देतो म्हणाला. शिलाई ४५०. पुढून इंचभर जास्त उंची ठेव म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि टेप दुसऱ्यांदा लावला. खाकी पँटीचं सुती कापड ६४० ला मिळालं, म्हणजे बजेटमधले बरेच उरलेत, दसऱ्याला गडद निळा शिवीन.

पिवळी रेघ पडलेल्या पांढऱ्याचं काय करू, ऊन आल्यावर लिंबू लावून बघू का?

शिलाईमशीन:
काका, लिंबू आधी आतल्या कडेला थोडं लावून बघा. घडीवर सूत कधी कधी विरलेलं असतं, उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकंसं ताणा, कापडाचा आवाज आला तर सोडून द्या, त्याचा शर्ट टिकणार नाही. धड असेल तर घडीची रेघ पाठीवर किंवा बगलेत जाईल असा कापायला सांगा. आणि त्या आकाशी शर्टाच्या कॉलरीत फार कडक बक्रम, म्हणजे आतलं ताठ अस्तर, नको म्हणावं, जुनं सूत मऊ असतं, कडक कॉलर त्यावर वेगळी दिसते.

फोंडाघाट:
बरं, विचारून बघतो. आता शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही आणि १४ च्या रात्री नेमकी गेली तर? घरात वडिलांच्या वेळची कोळशाची पितळी इस्त्री आहे, करवंटीचे निखारे घालून ते वापरायचे, मी लहानपणी फुंकर मारायला बसायचो. तिचा तळ काळा पडलाय. सुती आकाशी कपड्यावर डाग न पाडता ती कशी वापरायची, तळ कशाने घासू, आणि निखाऱ्याची राख भोकांतून शर्टावर पडू नये म्हणून काय करायचे हे इथे कोणाला आठवतंय का? आचऱ्याचे काका, तुम्हाला माहीत असेल.

आचऱ्याचा:
माहीत आहे. चिंच आणि मीठ घेऊन तळ घासा, मग राखुंडीने, मग कोरड्या फडक्याने. करवंटी बाहेर पूर्ण पेटू द्या, धूर थांबून निखारा लाल झाला की मगच आत घाला, अर्धा डबा भरेल इतकाच. झाकण लावून अंगणाच्या कडेला इस्त्री दोन-तीनदा झुलवा, सुटी राख तिथेच उडून जाते. आधी केळीच्या पानावर फिरवा, तळ गुळगुळीत होतो, मग जुन्या फडक्यावर. शर्टावर पातळ ओलं फडकं टाकून वरून फिरवायची, सरळ कापडावर नाही. कॉलर आधी, मग खांदा, बाह्या, पाठ, पुढचं सगळ्यात शेवटी. आणि १४ ची वाट बघू नका, जुन्या पंचावर उद्याच हात बसवून घ्या.