चिडवाचिडवी, पाठलाग आणि ‘रिलेशन’मधली मारहाण: व्याख्यानापलीकडे शाळेने वर्षभर काय करावं?

वर्गशिक्षिका_नववी

नमस्कार. तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी, सहाशेच्या आसपास मुलं-मुली. निम्मी मुलं एसटीने किंवा सायकलने येतात. येणाऱ्या तक्रारी तीन तऱ्हेच्या आहेत. ठरावीक मुलाला नाव पाडून चिडवणं, त्याचा डबा लपवणं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकणं. मुलींच्या मागे स्टँडपर्यंत जाणं. आणि ‘आमचं चालू आहे’ म्हणणाऱ्या जोड्यांमध्ये पासवर्ड मागणं, दुसऱ्याशी बोललीस म्हणून थोबाडीत मारणं, ब्रेकअपनंतर फोटो टाकायची धमकी.

दरवर्षी एक व्याख्यान होतं. तक्रार पेटी आहे, पण तिच्यात चिठ्ठी पडत नाही. मुख्याध्यापकांनी जूनपासूनचा आराखडा मागितला आहे. सुरुवात कुठून करावी, किती तासिका लागतील आणि कायद्याने आमच्यावर नेमकं काय बंधन आहे?

शालेय_समुपदेशक

मॅडम, सुरुवात वर्गातून नको, शाळेच्या नकाशापासून करा. न्यूयॉर्कच्या ३० सरकारी शाळांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. काही शाळांत फक्त वर्गात धडे, काहींत फक्त इमारत आणि आवारातले बदल, काहींत दोन्ही. नुसत्या धड्यांनी फारसा फरक पडला नाही. जिथे आवारात बदल केले तिथे लैंगिक त्रास कमी झाला, आणि त्या बदलांचा पाया होता मुलांनीच रंगवलेला शाळेचा नकाशा.

आपल्याकडे हे एका तासिकेत होतं. शाळेचा साधा आराखडा ए-फोर कागदावर काढून झेरॉक्स करा. वर्ग, जिने, स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, सायकल स्टँड, फाटक आणि फाटकापासून एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता, सगळं त्यात हवं. प्रत्येकाला लाल, पिवळं, हिरवं स्केचपेन. जिथे भीती वाटते तिथे लाल, जिथे जपून राहावं लागतं तिथे पिवळं, जिथे निर्धास्त वाटतं तिथे हिरवं. लाल खुणेशेजारी वेळ लिहायला सांगा, ‘मधली सुट्टी’, ‘शाळा सुटल्यावर’ असं. कागदावर नाव नको, कोणी त्रास देतो त्याचंही नाव नको. मुलं आणि मुली वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, बाक सोडून बसवा. शेजारी वाकून पाहणार असेल तर कोणी लाल पेन उचलत नाही.

कागद गोळा केल्यावर मुलग्यांच्या खुणा एका मोठ्या नकाशावर आणि मुलींच्या दुसऱ्यावर उतरवा. दोन्ही नकाशे सहसा जुळत नाहीत, आणि शिक्षकांच्या अंदाजाशी तर दोन्ही जुळत नाहीत. शिक्षक मैदानाकडे बोट दाखवतात, मुलं जिन्याचं वळण आणि स्वच्छतागृहाबाहेरची मोरी दाखवतात. वेळेचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण पहारा चोवीस तास नाही, रोज वीस-पंचवीस मिनिटंच लागतो हे त्यातूनच कळतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हेच परत करा. लाल खुणा कमी झाल्या की नुसत्या सरकल्या, ते दिसेल.

तक्रार पेटी रिकामी राहते त्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी किंवा कॅमेऱ्याखाली असते. चावी एकाकडेच असते. आणि आधी टाकलेल्या चिठ्ठीचं काय झालं ते कोणालाच कळत नाही. पेटी येण्याजाण्याच्या वाटेवर लावा, म्हणजे तिथे थांबलेलं मूल उठून दिसणार नाही. दर शनिवारी दोघांसमोर उघडा, त्यात एक शिक्षिका हवीच. सोमवारी परिपाठात एवढंच सांगा: ‘गेल्या आठवड्यात सायकल स्टँडबद्दल चिठ्ठी आली, आजपासून तिथे सव्वापाचला शिक्षक असतील.’ नाव नाही, किस्सा नाही. दोन-तीन सोमवार असे गेले की चिठ्ठ्या येऊ लागतात.

मैदानावरचे_सर

वरच्या नकाशाला माझी जोड. पर्यवेक्षण म्हणजे खुर्ची टाकून बसणं नाही. एका जागी बसलेल्या शिक्षकाची नजर कुठवर पोचते हे मुलांना दोन दिवसांत कळतं. दोन लाल जागांमध्ये फेऱ्या मारायच्या, मोबाइल खिशात. शिपाईमामा आणि मावशींनाही यात धरा. स्वच्छतागृहाजवळचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, पण त्यांना कोणी विचारत नाही. सुटण्याच्या वेळी फाटकावर एक आणि स्टँडच्या वाटेवर एक माणूस पुरतो. आगारप्रमुखांना मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या. शाळेच्या वेळच्या गाडीत मुलींना चढताना ढकलाढकली होते का, याकडे वाहकाने लक्ष ठेवावं एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट, मुलग्यांशी कोण बोलतं? मुंबईत क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला होता, मूळ कल्पना अमेरिकेतली, तिथल्या खेळांच्या कोचसाठी आखलेली. प्रशिक्षक सरावाच्या आधी किंवा नंतर थोडा वेळ मुलींबद्दलची भाषा, राग, नकार पचवणं यावर बोलायचे. क्रीडाशिक्षकाचा शब्द मुलं ऐकतात, कारण संघात घेणं त्याच्या हातात असतं. कबड्डीच्या सरावात कोणी ‘बायकांसारखा खेळतोस’ म्हणालं तर तिथल्या तिथे खेळ थांबवा, एका वाक्यात सांगा, पुढे चला. अर्धा तास भाषण दिलंत तर पुढच्या वेळी ते तुमच्यामागे बोलतील.

बालहक्क_वकील

कायद्याचं. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, २०१२ चा, अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या, किंवा घडेल अशी धास्ती असलेल्या कोणीही स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच आहे. शाळेने आधी आपली चौकशी पूर्ण करून, खात्री पटवून मग कळवावं अशी तरतूद कायद्यात नाही. न कळवल्यास कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही.

तुमच्या तीन तक्रारी यात कुठे बसतात? लैंगिक हेतूने मुलाचा किंवा मुलीचा वारंवार पाठलाग करणं, पाहत राहणं, फोन-मेसेज करत राहणं हे कलम ११ मध्ये येतं. शरीराच्या कोणत्याही भागाचं चित्रण माध्यमांत टाकण्याची धमकी त्याच कलमात येते, आणि ते चित्रण बनावट असलं तरी येते. म्हणजे ॲपने चेहरा चिकटवून केलेला फोटोही. कलम १२ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डबा लपवणं, वाळीत टाकणं हा पोक्सोचा विषय नाही. तिथे शाळेची शिस्त आणि समुपदेशन. मात्र जातीवरून हिणवलं जात असेल तर ते ‘चिडवाचिडवी’ या खात्यात टाकून मिटवू नका, त्याला वेगळा कायदा आहे.

जोड्यांबद्दल एक फरक स्टाफरूममध्ये स्पष्ट व्हायला हवा. नववीतल्या दोघांनी बोलणं, एकत्र चालत जाणं हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस नकोत. पण अठराखालच्या मुलीने शारीरिक संबंधाबद्दल सांगितलं तर ‘दोघांच्या मर्जीने’ हे कायद्यात उत्तर नाही, कळवावं लागतं. म्हणूनच मूल बोलायला लागण्याआधी ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. असं सांगा: ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी लागेल तेवढ्याच माणसांना सांगेन, आणि कोणाला ते आधी तुला सांगेन.’

तक्रार केली तर मुलाचं आयुष्य बरबाद होईल ही भीती शिक्षकांना फार असते. आरोपी अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. नियमांप्रमाणे निर्घृण गुन्हा (किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेला) किंवा प्रौढासोबत केलेला गुन्हा सोडून एफआयआर होत नाही. माहिती दैनंदिनीत नोंदवून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. कोठडी नाही, बेडी नाही. आणि तक्रारदार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि तिच्या विश्वासातल्या माणसासमोर घ्यायचा असतो. हे पालकांना आधीच सांगून ठेवा, निम्मी घबराट तिथेच कमी होते.

मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची समिती, असायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर या समित्या आणि कॅमेरे यांचा आग्रह पुन्हा वाढला. समिती कागदावर असेल तर जूनमध्ये पहिली बैठक घ्या आणि कार्यवृत्तात १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला, पोलिसांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कोण फोन करणार ते नावानिशी लिहा.

वर्गशिक्षिका_नववी

सगळ्यांचे आभार. दोन शंका. चिडवणारा आणि ज्याला चिडवतात तो, दोघांना समोरासमोर बसवून हस्तांदोलन करायला लावायची आमच्याकडे पद्धत आहे, ती ठेवावी का? आणि फोटो पसरलाच तर पहिल्या तासात काय करायचं?

शालेय_समुपदेशक

हस्तांदोलन बंद करा. भांडण दोन सारख्या ताकदीच्या मुलांत होतं, तिथे समेट चालतो. छळात एकाच्या मागे चार जण असतात आणि दुसरा एकटा. त्या खोलीत तो ‘काही नाही सर, मस्करी होती’ असंच म्हणणार, आणि बाहेर पडल्यावर तक्रार केल्याची शिक्षा भोगणार.

त्याऐवजी फिनलंडच्या शाळांतल्या ‘किवा’ कार्यक्रमाची रीत आपल्याकडे सहज जमते. आधी ज्याला त्रास होतो त्याच्याशी एकट्याने बोला. मग त्रास देणाऱ्या प्रत्येकाला वेगळं बोलवा, एकाच दिवशी, एकामागोमाग एक, मध्ये सुट्टी न पडू देता, म्हणजे बाहेर जाऊन साक्ष जुळवायला वेळ मिळत नाही. प्रत्येकी दहा मिनिटं पुरतात. ‘का केलंस’ विचारू नका, त्याला उत्तर म्हणून सबबच मिळते. ‘याला त्रास होतोय हे आम्हाला कळलं आहे. उद्यापासून तू काय वेगळं करणार?’ असं विचारा आणि तो म्हणेल ते त्याच्यासमोर वहीत लिहा. त्याच आठवड्यात वर्गातल्या ज्यांचं ऐकलं जातं अशा दोन-तीन मुलांना बोलावून त्या एकट्या पडलेल्याला डब्याला, ग्रुपमध्ये, संघात सोबत घ्यायला सांगा. एक-दोन आठवड्यांनी सगळ्यांना परत बोलवा. ही दुसरी फेरी टाळली की प्रकार पुन्हा सुरू होतो. बहुतेक शाळा इथेच ढिल्या पडतात.

दाखला हातात देणं हाही उपाय नाही. आठवीपर्यंत तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ काढून टाकायला मनाई करतं, आणि नववी-दहावीचा मुलगा काढला तर तो फाटकाबाहेर उभा राहतो, तिथे तुमचा काहीच अधिकार उरत नाही.

‘रिलेशन’च्या तासिकांबद्दल. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रामीण भागात आठवी-नववीसाठी ४५ मिनिटांच्या दहा तासिकांचा कार्यक्रम झाला, त्याचा परिणाम चार वर्षांनीही मोजता आला. मुंबईत ‘कोरो’, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी २००८ पासून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीबरोबर समतेचं काम केलं, तेही दोन वर्षं. दोन्हीकडे विषय पुन्हा पुन्हा, थोडा थोडा घेतला गेला. तुमच्याकडे दर पंधरवड्याला एक तासिका धरली तर दिवाळीपर्यंत आठ सहज होतात. व्याख्याता बाहेरचा नको, वर्गशिक्षकच हवेत, कारण मुलं प्रश्न तिसऱ्या-चौथ्या तासिकेला विचारू लागतात.

उदाहरणं त्यांच्या बोलीत घ्या. ‘तो पझेसिव्ह आहे म्हणजे प्रेम आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि खाली मुलांकडूनच यादी काढा: लाइव्ह लोकेशन सतत चालू ठेवायला लावणं, मैत्रिणी तोडायला लावणं, ‘मस्करीत’ चापट, ‘सोडलंस तर हात कापून घेईन’. मुलगीही हे मुलाशी करते, तेही बोला. नकार ऐकण्याचा सराव जोड्या लावून घ्या, आणि ‘नाही’ म्हणण्याइतकाच वेळ ‘ठीक आहे’ म्हणून निघून जाण्याला द्या. जिवाचं बरंवाईट करून घेण्याची धमकी आली तर ती मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायची, ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ वर्गात लिहून ठेवायचा. समोरच्याला वाचवायची जबाबदारी चौदा वर्षांच्या पोरीवर नाही.

ब्रेकअपनंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे. तेव्हा त्रास होणाऱ्या मुलीसोबत बसून कागदावर ठरवा: कोणत्या वाटेने, कोणासोबत, कोणत्या गाडीने घरी जायचं, कोणते पासवर्ड आज बदलायचे, कोणाला मिस्ड कॉल द्यायचा. वाट बदलायची ती त्रास देणाऱ्या मुलाने, हे आधी पाहा. वर्गातली जागा, ट्यूशनची बॅच, सुटण्याची वेळ यात बदल करायचा तर मुलाच्या बाजूने करा.

सायबर_मदतकक्ष

फोटोचा पहिला तास. कोणत्याही शिक्षकाने तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेऊ नये, ‘पुरावा म्हणून’ स्टाफच्या ग्रुपवर टाकू नये. मुलांचं अश्लील चित्रण साठवणं आणि पुढे पाठवणं पोक्सोच्या कलम १४-१५ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब मध्ये बसतं. धमकीच्या मजकुराचा, अकाउंटच्या नावाचा, नंबरचा स्क्रीनशॉट घ्या. फोटोचा नको. लिंक, तारीख, वेळ कागदावर. मुलीला चॅट पुसू देऊ नका, अकाउंट लगेच ब्लॉक करू देऊ नका. आधी स्क्रीनशॉट, मग ॲपमध्ये रिपोर्ट, मग ब्लॉक.

त्याच तासात पालक, पोलीस आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. तिथे महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार होते. ‘टेक इट डाउन’ ही अठराखालच्यांसाठीची मोफत सेवाही आहे. मूळ फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त सांकेतिक ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की फोटो काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटवर ती चालत नाही. तिथे वर्गातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी पुसायला आणि न पाठवायला सांगावं लागतं, कायद्याच्या कलमासकट, आणि मुलीचं नाव न घेता.

पालकांना एकच गोष्ट जूनच्या सभेत ठामपणे सांगा: मुलीने सांगितलं म्हणून तिचा फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही. मुली गप्प बसतात त्या बहुतेकदा याच धाकाने. सभा संध्याकाळी सहानंतर ठेवा आणि वडिलांना वेगळा निरोप पाठवा, कारण दुपारच्या सभेला कामावर असणारे बाप येत नाहीत आणि फोन काढून घ्यायचा निर्णय अनेक घरांत त्यांचाच असतो.