कापे घराण्याच्या शाखांचा अभ्यास कोठून सुरू करावा?

धागाकर्ता:
इ. स. ९८७ मध्ये राजपदी निवडल्या गेलेल्या ह्यू कापेपासून पुढची फ्रेंच राजांची यादी मला बऱ्यापैकी पाठ झाली आहे, परंतु शाखांपाशी आले की गाडी अडते. बर्गंडीचे ड्यूक एकदा संपतात आणि पुन्हा प्रकट होतात, आंजूवाले सिसिलीत राज्य करताना दिसतात आणि फिलिप तर जागोजागी भेटतात. ही वंशावळ कोणत्या टोकाने वाचावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
राजांची यादी तूर्त बाजूला ठेवून आपानाजची व्यवस्था आधी समजून घ्यावी. थोरल्याला गादी आणि धाकट्यांना निर्वाहासाठी तोडून दिलेला मुलूख, तोही वंश खुंटल्यास राजाकडे परत, असे तिचे स्थूल स्वरूप होते. आठव्या लुईने १२२५ च्या मृत्युपत्रात धाकट्या मुलांसाठी आर्त्वा, आंजू आणि प्वातू हे प्रदेश नेमून दिले. त्यांपैकी आर्त्वाची शाखा रॉबेरपासून चालली. आंजू अखेर शार्ल या मुलाच्या वाट्याला आले आणि १२६६ मध्ये त्याला सिसिलीचा राजा म्हणून अभिषेक झाला. प्वातूचा आल्फाँस मात्र १२७१ मध्ये निपुत्रिक वारला आणि त्याचा मुलूख, पत्नीकडून आलेल्या तुलूझसह, राजाच्या पदरात पडला.

बर्गंडीचा घोळही यातूनच सुटतो, कारण तेथे घराणी दोन आहेत. १०३२ पासूनचे पहिले घराणे १३६१ मध्ये निर्वंश झाले. १३६३ मध्ये दुसऱ्या जाँ राजाने ती डची (ड्यूकचा मुलूख) आपला धाकटा मुलगा फिलिप याला दिली. हाच फिलिप चौदाव्या वर्षी प्वातिएच्या रणात पित्याच्या शेजारी उभा होता.

सोबत ढालींवरची चिन्हे ओळखायला शिकावे. निळ्यावर सोनेरी लिली म्हणजे राजकुळ. त्यावर लाल तिरका पट्टा आला की बूर्बाँ, आणि वरच्या बाजूच्या लाल पट्टीला लोंबणाऱ्या जिभांवर चिमुकले सोनेरी किल्ले दिसले की आर्त्वा. ते किल्ले रॉबेरच्या आईच्या, म्हणजे कास्तीलच्या ब्लांशच्या, माहेरचे. नावे सारखी असली तरी ढाल सहसा फसवत नाही.

प्रतिसाद २:
वरील सल्ला उत्तम आहे, पण अपुरा. आपानाज बापाकडून येते. निम्म्या शाखांचे नशीब बायकोकडून आले. नवव्या लुईचा धाकटा मुलगा रॉबेर याने बूर्बाँची वारसदार बेआत्रीस हिच्याशी विवाह केला, म्हणून त्या शाखेला बूर्बाँ हे नाव लाभले. द्र्यो शाखेतील पिएरला ब्रिटनीची डची लग्नातूनच मिळाली. सहाव्या लुईच्या एका मुलाने तर सासरचे कूर्तने हे नावच लावले, आणि त्याचा मुलगा १२१७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट म्हणून रोममध्ये अभिषिक्त झाला, जरी राजधानीपर्यंत तो बिचारा पोहोचलाच नाही. तेव्हा प्रत्येक शाखेत प्रथम सून कोण आली, हे पाहावे.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. एकच शाखा निवडायची झाल्यास कोणती घ्यावी?

प्रतिसाद १:
बूर्बाँ. १३२८ मध्ये थोरली पाती पुरुष वारसाअभावी संपून गादी व्हालवा या धाकट्या शाखेकडे गेली, तेव्हा हे दूरचे भाऊबंद होते. १५८९ मध्ये व्हालवाही आटोपले आणि बूर्बाँचा चौथा आंरी राजा झाला. गोव्याच्या इतिहासात रस असेल, तर मात्र बर्गंडीचे पहिले घराणे घ्यावे. त्यातला एक आंरी पोर्तुगालकडे गेला, त्याचा मुलगा आफोंसो तेथील पहिला राजा झाला, आणि १५१० मध्ये गोवा घेतले गेले तेव्हा गादीवर असलेला मानुएल याच कुळाच्या अनौरस शाखेतला होता.