डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेला डबा स्वतःच म्हणतो, 'औषधी वापरासाठी नाही'

कनकांबर:

नमस्कार. एका घरगुती प्रश्नावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझ्या आईचे वय ६८ असून तिच्या गुडघेदुखीवर कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका अस्थिरोगतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. मधुमेहासाठी ती बऱ्याच वर्षांपासून मेटफॉर्मिन घेते. मागच्या भेटीत डॉक्टरांनी वेदनाशामक गोळीच्या खाली आणखी दोन नावे लिहिली: ग्लुकोसामाइन व कोलॅजेन असलेली एक पावडर, आणि केस, नखे व हाडे या सर्वांसाठी म्हणून एक कॅप्सूल. दोन्ही वस्तू दवाखान्यातल्याच काउंटरवर मिळाल्या. महाद्वार रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्यांनी ती नावेही ऐकलेली नव्हती. या दोन्हींचा महिन्याचा खर्च २,४०० रुपयांच्या घरात जातो आणि मूळ औषधांचे बिल त्याच्या पाव हिश्शाइतकेही होत नाही.

घरी आल्यावर डबा नीट वाचला. पुढे गुडघ्याच्या सांध्याचे ठसठशीत चित्र आहे, आणि मागे, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा इंग्रजी अक्षरांत, 'औषधी वापरासाठी नाही' असे छापलेले आहे. शेजारी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. भरीस भर म्हणून चुलतभावाने याच डॉक्टरांचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात ते हाच डबा हातात धरून त्याचे गुण सांगत आहेत.

हे नियमात बसते का, आणि आईला ही पावडर देत राहावी का? आईचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे आणि त्यांचा अवमान होईल असे काही मला करायचे नाही.

जुना_फार्मासिस्ट:

ताई, ती ओळ कंपनीने आपखुशीने छापलेली नाही, नियमानेच ती छापायला लावली आहे. आपल्याकडे औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, तर असे पूरक आहार २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली आणि त्यातील २०१६ च्या विनियमांखाली येतात. नवे औषध बाजारात आणायचे तर ते आजारावर गुणकारी आहे हे आधी चाचण्यांतून दाखवावे लागते. पूरक आहाराच्या उत्पादकाने मान्य घटकांच्या यादीत व प्रमाणात राहून अन्नाचा परवाना घेतला की सहसा त्याचे काम भागते, आणि मग त्या डब्यामुळे गुडघा बरा होतो की नाही हे तपासणे कोणाच्याच वाट्याला येत नाही.

पैशाची बाजूही समजून घ्या. आवश्यक औषधांच्या यादीतील गोळीची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने बांधलेली असते आणि तिच्यात किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो. पूरक आहाराला ही वेसण नाही; एमआरपी कंपनी ठरवेल ती. शिवाय तीच पावडर निरनिराळ्या नावांच्या डब्यांत भरून देणारे थर्ड पार्टी उत्पादक असतात, त्यामुळे एखादे नाव एका दवाखान्याच्या बाहेर कुठेच दिसत नाही. तुमचा डबा महाद्वार रोडवर का मिळाला नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

शाहूपुरीतला_फिजिशियन:

मी याच गावात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे आधी आमच्या बाजूचे थोडे सांगतो. 'डॉक्टर, ताकदीचं काहीतरी लिहून द्या की' असे म्हणणारे रुग्ण मला रोज भेटतात, आणि काहीच लिहिले नाही तर ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. सर्व पूरके निरुपयोगी आहेत असेही नाही. गर्भवतींना ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी १८० दिवस सरकारी केंद्रात मोफत मिळते, कारण तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होते. तुमच्या आईंचे बी-१२ कधी तपासले नसेल तर या दोन डब्यांपेक्षा ती तपासणी अधिक मोलाची आहे.

आता पावडरीबद्दल. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (सांध्यांसाठीचे असेच दुसरे पूरक) यांची मोठी चाचणी अमेरिकेत सरकारी निधीतून झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या संधिवाताचे १,५८३ रुग्ण तिच्यात होते. एकंदर रुग्णांत ही पूरके निष्प्रभ (दिसायला तशीच, पण औषध नसलेल्या) गोळीपेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरली नाहीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनाही दुखणे कमी झाल्यासारखे वाटले. म्हणून 'माझ्या शंभर रुग्णांना फरक पडला' हे व्हिडिओतले वाक्य, ते प्रामाणिकपणे उच्चारलेले असले तरी, पुरावा ठरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन वापरू नये अशी ठाम शिफारस केली. युरोपातील काही देशांत मात्र ग्लुकोसामाइन सल्फेट औषध म्हणून नोंदलेले आहे आणि तिथले काही तज्ज्ञ ते सुचवतात, म्हणजे तुमचे डॉक्टर एकटेच काही विपरीत सांगत आहेत असे नव्हे. परंतु नोंदलेले औषध वेगळे आणि अन्नाच्या परवान्यावर विकली जाणारी मिश्र पावडर वेगळी.

कॅप्सूलबाबत मला अधिक काळजी वाटते. केस आणि नखांसाठीच्या कॅप्सूलमध्ये बहुधा बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व भरपूर असते. त्यामुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात: थायरॉइड मुळीच बिघडलेले नसताना टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा) कमी दिसू शकते, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. तसेच दोन्ही डब्यांवर ड जीवनसत्त्वाचा आकडा पाहा. आठवड्याला एक म्हणून दिलेले ६०,००० युनिटचे पाकीट रोज घेऊन, रक्तातील कॅल्शियम वाढून, उलट्या आणि बिघडलेले मूत्रपिंड घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. रक्त पातळ करण्याची वॉरफरिन ही गोळी चालू असेल तर ग्लुकोसामाइन विचारल्याशिवाय देऊच नका.

ग्राहक_चळवळ:

वैद्यकीय बाजू वर आलीच आहे. मी नियमांपुरते लिहितो. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम आणले, त्यांत समाजमाध्यमांवरील वर्तनाचेही नियम होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुने पुन्हा जागेवर आले.

या जुन्या विनियमांत दवाखान्यातून स्वतःच्या रुग्णांना औषध देणे सरसकट निषिद्ध नाही. रुग्णाचे शोषण होता कामा नये एवढी अट आहे, आणि शोषण कशाला म्हणायचे याचा वाद तिथेच सुरू होतो. व्हिडिओची गोष्ट मात्र निराळी आहे. औषधच काय, कोणत्याही व्यापारी उत्पादनाच्या जाहिरातीसाठी आपले नाव, सही किंवा छायाचित्र वापरून शिफारस करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. 'हे तर अन्न आहे, औषध नाही' हा बचाव इथे चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटवस्तूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात निकाल दिला आणि अशा खर्चावर आयकर सवलत नाकारली. ज्या उत्पादनाच्या प्रसारासाठी त्या भेटवस्तू दिल्या गेल्या होत्या, ते झिंकोव्हिट नावाचे पूरकच होते. हा तपशील फारसा कोणी लक्षात घेत नाही.

सैल कायद्याचे टोक पाहायचे तर अमेरिका पाहावी. तिथे १९९४ च्या कायद्याने पूरकांना विक्रीपूर्व मंजुरीतून मोकळे केले आणि उत्पादन घातक आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला. टीव्हीवर ग्रीन कॉफीच्या अर्काची भलामण करणारे हृदयशल्यचिकित्सक मेहमत ऑझ यांना जून २०१४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे जाब द्यावा लागला, आणि त्या अर्काच्या पाठीशी असलेला अभ्यास त्याच वर्षी मागे घेण्यात आला. एप्रिल २०२५ पासून हेच गृहस्थ तिथल्या मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजना चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख आहेत!

माझे मत स्पष्ट आहे: व्हिडिओची प्रत जपून ठेवा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करा.

लाल_माती:

विषय गुडघ्यांचा आहे, पण तालमीतली पोरे यातूनच जातात म्हणून लिहितो. गंगावेशीला धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात आता प्रोटीनचे डबे कोणी ना कोणी 'डॉक्टरांनी सांगितलेत' म्हणून आणतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी केरळमधील डॉ. सिरिएक अॅबी फिलिप्स यांच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. जवळपास ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. डॉक्टर डब्याची हमी देतात ती लेबल वाचूनच ना? आत काय आहे हे त्यांनी तरी कुठे तपासलेले असते?

शाहूपुरीतला_फिजिशियन:

हा मुद्दा मान्य आहे. मीही लेबलच वाचतो. तक्रारीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. आधी आईंना घेऊन जा आणि तीन गोष्टी शांतपणे विचारा: कोणती कमतरता तपासणीत आढळली, किती महिने घ्यायचे, आणि बंद केले तर काय होईल. 'कायम घ्या' असे उत्तर आले तर ते पूरक बंद करायला माझी हरकत नसेल. व्यायाम आणि वजन यांबद्दल ते काय सांगतात हेही ऐका. गुडघ्यासाठी त्यांचा पुरावा पावडरीपेक्षा कितीतरी पक्का आहे.

ग्राहक_चळवळ:

शांतपणे विचारून आईंची पावडर थांबेल, व्हिडिओ नाही. तो पाहून डबा घेणाऱ्या बाकीच्यांना कोण विचारून देणार?

कनकांबर:

सर्वांचे मनापासून आभार. कॅप्सूलवर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेले आहे आणि आईची थायरॉइडची तपासणी पुढच्या आठवड्यातच आहे, म्हणून कॅप्सूल आजपासून थांबवली आहे आणि लॅबलाही तसे कळवणार आहे. बी-१२ ची तपासणी त्याच वेळी करून घेऊ. वॉरफरिन चालू नाही. तक्रारीचे डॉक्टरांना भेटल्यावर ठरवीन. पावडरीचा एक डबा अजून सीलबंद आहे, तो परत घेतात का?

जुना_फार्मासिस्ट:

बिल असेल तर मागून पाहा. काउंटरवर पक्के बिल दिले होते की साध्या चिठोऱ्यावर नुसती रक्कम लिहिली होती, हे आधी बघा.