मदत हवी आहे: कुणबिणीच्या मिळकतीचा वारस कोण?

पेशवाईतल्या कुणबिणींवर, म्हणजे गुलाम स्त्रियांवर लिहितेय. पेशवे दप्तराच्या छापील निवडी पाहिल्या. खरेदी-विक्रीचे उल्लेख मिळतात, पण कुणबीण वारल्यावर तिच्या अंगावरचं किडूकमिडूक कुणाकडे गेलं, ते सापडत नाही. मनुस्मृती दासाला निर्धनच ठरवते. मिताक्षरेत (याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत) शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत वाटा आहे, पण मला आईची मिळकत हवी आहे. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीच्या सबबीवर कष्टाची किंवा वारशाची मालमत्ता काढून घ्यायला बंदी केली. हे कलम मला फार मोलाचं वाटतं.

मोडी वाचता येत नाही, त्यामुळे छापील किंवा लिप्यंतरित साधनंच चालतील. १८४३ नंतर मुंबई इलाख्यात कुणबिणीच्या मुलांनी या कलमाच्या आधारे आईच्या मिळकतीवर हक्क सांगितल्याचा एखादा निवाडा कुणाच्या वाचनात आहे का?